वॉल्सएंडच्या क्रेन

शनिवारी इंग्लंडमधल्या वॉल्सएंडला रोमन किल्ल्याशेजारच्या मनोऱ्यावर चढलो होतो. खाली टाइन नदी आणि काठाला मोठी मोकळी जागा. शेजारी उभ्या असलेल्या आजोबांनी गाव विचारलं. रत्नागिरी म्हटलं, वर भारत जोडलं. तर म्हणाले, "म्हणजे आमच्या क्रेन तुम्हीच नेल्यात."

मला ते लागलं. चोरून नाही नेल्या! इथल्या स्वान हंटर कंपनीचं जहाजबांधणीचं काम थांबल्यावर २००७ मध्ये मुंबईच्या भारती शिपयार्डने क्रेन, तरंगती गोदी, यंत्रं सगळं पैसे मोजून घेतलं. वर हेही ऐकवलं, की आमच्या वाडियांनी १८१७ मध्ये मुंबईत सागवानात बांधलेली 'ट्रिंकोमाली' इथून जवळच हार्टलपूलला अजून तरंगतेय. त्यांनी ती पाहिली होती. "काम चोख आहे," म्हणाले.

मग ते यार्डाबद्दल बोलत राहिले आणि माझा राग विरला. १८८० मध्ये जॉर्ज हंटरने स्वान यांच्या विधवेबरोबर भागीदारी केली, तिथून सुरुवात. टायटॅनिकच्या ७०५ माणसांना वाचवणारी 'कार्पेथिया' इथलीच. १९०६ मध्ये पाण्यात उतरलेली 'मॉरेटेनिया'ही. अटलांटिक ओलांडण्याचा वेगाचा विक्रम तिने वीस वर्षं राखला.

पण आजोबांचा जीव 'एस्सो नॉर्थम्ब्रिया'त. अडीच लाख टनांचा टँकर, १९६९ चा. ते तेव्हा शिकाऊ वेल्डर होते. टँकर बांधला जात होता तो थेट त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी, घरांच्या धुराड्यांहून उंच. घरात दिवसाही दिवा लागायचा. तो पाण्यात उतरला आणि दुसऱ्या दिवशी आईने सगळे पडदे धुवायला काढले. इतके मळलेत हे उजेड आल्यावर कळलं!

१९९३ मध्ये नौदलाच्या जहाजाचं कंत्राट हातचं गेलं आणि कंपनी कोसळली. नंतर नव्या मालकाने यार्ड चालवलं, पण २००६ मध्ये 'लाइम बे' हे जहाज अर्धवटच ओढून ग्लासगोला नेलं. क्रेन गेल्या त्या दिवशी आजोबा काठावर उभे होते.

भारतीही पुढे कर्जात बुडाली आणि २०१९ मध्ये ती मोडीत काढायचा आदेश निघाला, हे मी त्यांना सांगितलं नाही. तिचं एक यार्ड आमच्या रत्नागिरीतलंच. सांगायला हवं होतं का, हे अजून ठरत नाही. आम्ही निदान विकत तरी घेतल्या, भंगारात नाही जाऊ दिल्या, असं मनाला समजावत होतो.

निघताना त्यांनी विचारलं, "रंग देता ना त्यांना?"

"आमच्याकडे खारं वारं," मी म्हटलं, "पावसाळ्याआधी लोखंडाला रंग द्यावाच लागतो."

त्यांनी मान हलवली.