स्टारशिप प्रॉम्प्टसाठी ‘हळदकुंकू’ थीम : कामाची नोंद

स्टारशिप हे टर्मिनलमधला प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा लिहायच्या जागेआधी दिसणारी ओळ, सजवणारं साधन. त्यासाठीच्या या थीमचा रंगसंच पाच रंगांवर पक्का झाला. लाल, हिरवा, निळा या क्रमाने दशमान आकडे असे: कुंकू १७८, ३४, ४०, हळद २३०, १६८, २३, मोरपंखी ०, १००, ११०, अक्षरांसाठी साय २४५, २३६, २१५ आणि शाई २८, २८, ४०. टॉमल फाइलीत, म्हणजे स्टारशिपच्या सेटिंगच्या फाइलीत, हेच आकडे षोडशमान रूपात, पुढे # लावून, पॅलेटच्या, म्हणजे नावं दिलेल्या रंगांच्या, तक्त्यात जातात. कुठला पॅलेट वापरायचा हे सांगणारी ओळ मात्र फाइलीत अगदी वर, पहिल्या चौकटी कंसाच्या, म्हणजे पहिल्या तक्त्याच्या, आधीच हवी. ती खाली सरकली की टॉमलच्या नियमाने वरच्या तक्त्यात जमा होते, पॅलेट लागूच होत नाही आणि सगळा प्रॉम्प्ट बेरंग दिसतो. नव्याने थीम करणारे बहुतेक जण इथेच अडकतात.

प्रॉम्प्टमधल्या रंगीत पट्ट्यांचा क्रम आधी कुंकू, मोरपंखी, हळद असा होता. दिसायला छान, पण कुंकू आणि मोरपंखी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर काढलं तर जेमतेम १.०३ येतं. म्हणजे लाल-हिरवा फरक न कळणाऱ्या माणसाला दोन पट्ट्यांमधला बाण दिसणारच नाही. गुणोत्तर काढायला वेबच्या सुलभता निकषातलं सूत्र वापरलं: रेषीय केलेल्या लालला ०.२१२६, हिरव्याला ०.७१५२, निळ्याला ०.०७२२ वजन, दोन्ही बेरजांत ०.०५ मिळवायचे आणि मोठीला लहानने भागायचं. हळद मधे घेतल्यावर कुंकवाशी ३.२ आणि मोरपंखीशी ३.३ मिळतं. चित्रघटकांसाठी ३ लागतात, तेवढं झालं. अक्षरांना ४.५ हवं: कुंकवावर साय ५.७, मोरपंखीवर साय ५.९, हळदीवर शाई ८. हळदीवर साय टाकली तर १.८ वर आपटतं, म्हणून तिथे शाईला पर्याय नाही.

कुंकवातला निळा घटक आधी ५२ होता. तो ४० केला, त्यामागचं कारण टीमक्स, म्हणजे एका टर्मिनलमध्ये अनेक टर्मिनल चालवणारं साधन. २४ बिट रंग चालू नसले की टीमक्स प्रत्येक रंग २५६ च्या तक्त्यात बसवतो. त्यातल्या रंगघनात लाल, हिरवा, निळा या प्रत्येक घटकाच्या पायऱ्या ०, ९५, १३५, १७५, २१५, २५५ अशा आहेत. ४८ च्या खालचा आकडा ० वर जातो, ४८ ते ११३ मधला ९५ वर. त्यामुळे १७८, ३४, ५२ चा १७५, ०, ९५ होतो, म्हणजे १२५ क्रमांकाचा जांभळट गुलाबी, आणि कुंकवाचं कुंकूपण जातं. निळा ४० केला की १२४ क्रमांकाचा शुद्ध लाल मिळतो. हळद १७८ क्रमांकावर आणि मोरपंखी २३ वर नीट बसतात. टीमक्स ३.२ पासून पुढे ‘टर्मिनल-फीचर्स’मध्ये आरजीबी लिहिलं की ही अडचण उरत नाही, पण थीम वापरणाऱ्या प्रत्येकाने ते केलेलं असेल असं धरून चालता येत नाही.

आता बाण, म्हणजे पॉवरलाइन या चिन्हसंचातलं ई-०-बी-० क्रमांकाचं चिन्ह. ते युनिकोडच्या खासगी वापराच्या पट्ट्यात असल्यामुळे नकल-चिकटव करताना काही संपादकांत गळून पडतं आणि अवतरणं रिकामी राहतात. टॉमलमध्ये दुहेरी अवतरणात उलटी तिरकी रेघ, ‘यू’ आणि चार अंकी क्रमांक असं लिहिलं की प्रश्न मिटतो. एकेरी अवतरणात हे चालत नाही, तिथे मजकूर जसाच्या तसा छापला जातो.

बाण मुख्य फॉरमॅटमध्ये, म्हणजे सगळ्या प्रॉम्प्टच्या रचनेच्या ओळीत, पक्के लिहिले तर गिटच्या (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनाच्या) बाहेरच्या फोल्डरमध्ये मोरपंखी पट्टा नसतो, तरी त्याचे दोन बाण एकमेकांना चिकटून राहतात. म्हणून मोरपंखीत शिरणारा बाण ‘गिट ब्रँच’ मॉड्यूलच्या, म्हणजे प्रॉम्प्टच्या त्या तुकड्याच्या, स्वतःच्या फॉरमॅटमध्ये हलवला आणि शेवटच्या बाणाला ‘प्रीव्ह-बीजी’ हा रंग दिला. आधीच्या तुकड्याची पार्श्वभूमी तो आपोआप उचलतो: गिटमध्ये मोरपंखी, बाहेर हळद. याला एक अट आहे. मॉड्यूलच्या मूळ फॉरमॅटच्या शेवटी शैलीबाहेर एक मोकळी जागा असते, ती काढायलाच हवी. राहिली तर तिथे पार्श्वभूमी नसते, आणि बाणाला उचलायला रंगच मिळत नाही. ‘गिट स्टेटस’चा मजकूर गोल कंसात ठेवला आहे, म्हणजे बदल नसताना नुसती रुंद मोरपंखी फट दिसत नाही.

प्रॉम्प्टच्या शेवटी ‘॥’ ठेवायचा मोह होतो. तो इथे टाळला आहे. समान रुंदीच्या बहुतेक फाँटमध्ये देवनागरी नसतं, दुसऱ्या फाँटमधून आलेलं अक्षर चौकटीबाहेर जातं. ‘क्षि’सारख्या जोडाक्षराचं तर चार संकेतांचं मिळून एक अक्षर, टर्मिनल आणि शेल त्याची रुंदी वेगवेगळी मोजतात, मग इतिहासातली आज्ञा वर आणताना कर्सर भलतीकडे जातो. मराठी नावाच्या फोल्डरमध्येही हेच होतं. त्यावर ‘डिरेक्टरी’ मॉड्यूलची ‘सब्स्टिट्यूशन्स’, म्हणजे नावाऐवजी दुसरा मजकूर दाखवायची, सोय आहे, पण ती ज्याने त्याने आपल्या फाइलीत करायची, थीममध्ये नाही.

थीम स्टारशिपच्या प्रकल्पाकडे प्रीसेट, म्हणजे तयार थीम, म्हणून पाठवण्याची तयारी त्या मानाने सरळ. दस्तऐवजांच्या फोल्डरमध्ये प्रीसेट्सची टॉमल फाइल, तिचं माहितीपान, चित्र आणि यादीतली नोंद, एवढंच. बिल्ड करताना त्या फोल्डरमधून प्रीसेटची नावं आपोआप उचलली जातात, त्यामुळे रस्ट भाषेतल्या कोडला हात लावावा लागत नाही. स्टारशिप-कॉन्फिग हा पर्यावरण चल नव्या फाइलीकडे वळवून रोजच्या सेटिंगला धक्का न लावता तपासता येतं. फाइलींची मांडणी नीट करणारं डीप्रिंट चालवल्याशिवाय पाठवू नये, रकाने-अंतरावरूनच तपासणी नापास होते. इतर भाषांची पानं क्राउडिन या भाषांतराच्या सेवेतून येतात, ती हाताने बदलायची नाहीत.

राहिलेली गोष्ट एकच. पांढऱ्या पार्श्वभूमीवर, गिटच्या बाहेर, शेवटचा हळदी बाण २.१ वर येतो. हळद गडद केली तर पांढऱ्यावर सुधारते, पण कुंकू आणि मोरपंखीशी ३ च्या खाली घसरते. त्या बाणातून वाचायचं काही नसतं आणि पट्ट्यातली अक्षरं ८ वर आहेत, त्यामुळे हळद आहे तशीच ठेवून माहितीपानावर पांढऱ्या आणि काळ्या पार्श्वभूमीची दोन्ही चित्रं जातील.