गरम लाइनची गळती सापडली, तीही लेव्हलच्या नळीने

बाथरूमच्या भिंतीत गाडलेली गरम पाण्याची पाइपलाइन (गरम लाइन) हातपंपाने भरलेला दर चौरस सेंटिमीटरला सात किलोचा दाब तासन्‌तास धरून ठेवते आणि तरीही बेडरूमची भिंत ओली होते, या कोड्यावर मागची नोंद थांबली होती. ते कोडे आता सुटले आहे. सोडवणारे साधन कुठलेही महागडे यंत्र नसून गवंड्याकडे असते ती लेव्हलची पारदर्शक नळी निघाली, म्हणून ही नोंद जरा तपशिलाने लिहीत आहे.

नहाणी ट्रॅप (फरशीतले सांडपाण्याचे तोंड) आणि खालचे वॉटरप्रूफिंग रंगीत पाणी साठवून तपासले होते, गार लाइनही निर्दोष ठरली होती आणि पावसाळा संपूनही पोपडे वाढतच होते. आम्ही गावी गेलो की डाग सुकायचा आणि गीझर सुरू झाला की पुन्हा पसरायचा. संशयित एकच उरला होता, पण पंपापुढे तोच साळसूद ठरत होता. पंपाविषयी एक सांगून ठेवतो: स्वस्तातल्या हँड टेस्ट पंपांचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे येऊ न देणारी झडप) स्वतःच झिरपतो, त्यामुळे पंप आणि लाइन यांच्यामध्ये बॉल व्हॉल्व्ह आणि त्याच्या पुढे गेज (दाबमापक) असल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नये. सोबत येणारे मोठ्या पल्ल्याचे गेज मी काढून टाकले आणि बोहरी आळीच्या बाजारातून शून्य ते दहा किलोचे आणले. त्या दुकानदाराने तीन गेज एकाच लाइनला लावून दाखवली आणि सारखे वाचन देणारे निवडून दिले, हे मुद्दाम नमूद करतो.

मग डोक्यात आले की आपण चाचणी गार पाण्याने करतो आणि गळती मात्र गरम पाण्याची शोधतो. सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याच्या पाइपांचे प्लॅस्टिक, दर मीटरला, दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.०६५ मिलिमीटर वाढते. म्हणजे तीन मीटरची लाइन ३० अंशांनी तापली की जवळजवळ ६ मिलिमीटर लांबायला बघते. ब्रासचे प्रसरण याच्या एक तृतीयांशाहूनही कमी असते. ज्या एल्बोमध्ये (पाइपाच्या वळणाच्या जोडात) नळ जोडण्यासाठी ब्रासचा आट्यांचा इन्सर्ट प्लॅस्टिकमध्ये बसवलेला असतो, तिथे बाहेरचे प्लॅस्टिक तापून आतल्या ब्रासपासून सुटू शकते आणि गार झाल्यावर त्याला पुन्हा आवळून धरू शकते. तसे असेल तर गार चाचणीत काटा हलण्याचे कारणच नव्हते.

गरम पाणी भरून पंप मारावा, तर दोन अडचणी होत्या. एसडीआर ११ चा (व्यास भिंतीच्या जाडीच्या अकरा पट असलेला) पाइप २३ अंशांना साधारण २८ किलोचा दाब सोसतो, पण ८२ अंशांना त्याची क्षमता ७ किलोवर येते, त्यामुळे तापलेल्या जुन्या लाइनवर जोर काढण्याची माझी तयारी नव्हती. दुसरी अडचण अधिक चिवट होती. बंद लाइनमधले गरम पाणी निवताना पाइपपेक्षा जास्त आकसते, त्यामुळे गळती नसली तरी काटा खाली येतो. ६० अंशांवरून ३० अंशांवर येताना माझ्या पाऊण लिटरच्या लाइनमध्ये हा फरक चार-पाच मिलिलिटर भरतो, आणि ताठ पाइपात एवढ्यानेही गेज शून्यावर उतरते. भाड्याने आणलेल्या थर्मल कॅमेऱ्याने पाइप गाडलेली भिंतीतली अख्खी खाच तापलेली दाखवली. ती तशीही तापणारच होती. पाच टक्के हायड्रोजन आणि बाकी नायट्रोजन भरून टाइलच्या सांध्यांवर गळालेला हायड्रोजन हुंगणारे यंत्र लावणाऱ्या माणसाशी बोलणे जवळपास ठरले होते, पण त्याआधी ही नळीची कल्पना सुचली.

दाब मोजण्याऐवजी थेट पाणीच मोजायचे असे ठरवले. सहा मिलिमीटर आतील व्यासाच्या नळीत एक मिलिलिटर पाणी म्हणजे साडेतीन सेंटिमीटर उंची होते, त्यामुळे आकसण्याचा हिशोब साधारण १५ सेंटिमीटरचा बसतो. त्याहून जास्त उतार म्हणजे गळती. बेसिनच्या अँगल कॉकला (भिंतीजवळच्या छोट्या नळाला) टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावला, एका तोंडाला बॉल व्हॉल्व्ह आणि बादलीत सोडलेला पाइप, दुसऱ्याला लेव्हलची नळी. वॉल मिक्सर (गरम-गार पाणी मिसळणारा नळ) काढून दोन्ही एल्बोंना डमी (तोंड बंद करणारी बुचे) लावल्या आणि त्यांच्याभोवती टिश्यू पेपर दाबून ठेवला, म्हणजे आट्यांतून पाणी आले तर लगेच कळावे. गीझरमधून गरम पाणी वाहू देऊन पाइप तापवला, मग दोन्ही टोकांचे व्हॉल्व्ह बंद केले.

नळीतली पातळी फरशीपासून दीड मीटरवर ठेवली तेव्हा ती १५ सेंटिमीटर ओलांडून खाली उतरतच राहिली, आणि टिश्यू पेपर कोरडा होता. इतके झाले तरी मी खूश झालो असतो, पण नळीचे उघडे टोक खाली घेऊन पातळी ८० सेंटिमीटरवर आणली, तेव्हा पाणी चक्क वर चढू लागले. गळतीची जागा पातळीच्या वर असेल तर तिथे पाण्याऐवजी बाहेरची हवा आत ओढली जाते आणि ती हवा पाण्याला नळीत ढकलते. गरम पाण्यातून सुटणारे बुडबुडेही थोडा चढ दाखवतात, म्हणून सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरला मी किंमत दिली नाही. हा चढ वीतभर होता. म्हणजे गळती ८० सेंटिमीटर आणि दीड मीटर यांच्या मध्ये. गीझरखालचा एल्बो १.९ मीटरवर आहे आणि बेसिनचा ५५ सेंटिमीटरवर, तेव्हा ते दोघेही सुटले. मिक्सरचा गरम बाजूचा एल्बो बरोबर एक मीटरवर आहे. या साऱ्यासाठी दहा-पंधरा मिनिटेच मिळतात; सांधा निवला की तो पुन्हा साळसूद होतो.

एकच टाइल कापली आणि शेजारच्या टाइलला ओरखडाही गेला नाही. एल्बोमागचा गिलावा चिखलासारखा मऊ झाला होता आणि खाचेतून खाली क्षारांची पांढरी रेघ गेली होती. काढलेला एल्बो गार असताना इन्सर्ट पान्यानेही हलेना. तोच गरम पाण्यात बुडवून काढला तर इन्सर्ट निपल (आट्यांचा छोटा नळीचा तुकडा) लावून हाताने फिरला. तो फिरताना बघण्याचा आनंद या छंदातलेच लोक समजू शकतील.

दोष एकट्या एल्बोचा नाही. पाइप सिमेंटच्या कोरड्या मसाल्यात चहूबाजूंनी ठासून बसवला होता, त्यामुळे प्रत्येक वेळी तापल्यावर लांबण्याचा सगळा जोर एल्बोवर येत होता. नवा एल्बो बसवताना पाइपवर फोमची स्लीव्ह चढवली आणि वळणाजवळ थोडी जागा सोडली. पाइप चिकटवणाऱ्या सॉल्व्हंट सिमेंटला सुकायला पूर्ण दिवस दिला, घाई केली नाही. सांध्यावर एम-सील (कडक होणारा लेप) थापण्याचा सल्ला दोघांनी दिला होता. तापून-निवून हलणाऱ्या सांध्याचे ते काम नव्हे.

आधी बेत असा होता की टाइल लावून बेडरूमची पुट्टी उरकावी. लिहिता लिहिता तो बदलला आहे. खाच उघडीच ठेवून काही दिवस गीझर नेहमीसारखा वापरायचा आणि मग नळीची तीच चाचणी पुन्हा घ्यायची. गीझरखालचा एल्बो त्याच वयाचा आणि त्याच मसाल्यात ठासलेला आहे, तेव्हा तोही याच वेळी बदलून टाकावा असे वाटू लागले आहे. भिंतीचा गिलावा खरवडून तिला सुकू देणार आहे. पुट्टीचा विचार त्यानंतर. इन्सर्टच्या एल्बोऐवजी पूर्ण गनमेटलचा (तांब्याच्या मिश्रधातूचा) एल्बो कुणी गरम लाइनवर गाडून बसवला असेल, तर त्याला सीपीव्हीसी कसे जोडले आणि तो सांधा किती वर्षे टिकला, हे कृपया कळवावे.