सरी-वरंब्यांचा डोंगर : पश्चिम आयर्लंडची भटकंती

आयर्लंडच्या फोटोंत माणसं नसतात. हिरवी कुरणं, मेंढ्या, धुकं, कडे आणि खाली उसळणारा अटलांटिक. मीही हेच चित्र मनात घेऊन निघालो होतो. परत आल्यापासून मात्र कुणी ‘कसं वाटलं आयर्लंड?’ असं विचारलं की माझं बोलणं त्या मोकळ्या माळापाशीच येऊन थांबतं. 1841 च्या जनगणनेत या बेटावर सुमारे 82 लाख माणसं होती. 2022 च्या सुमारास प्रजासत्ताक आणि उत्तर आयर्लंड मिळून 71 लाखांच्या आसपास होती. एवढ्या वर्षांनीही जिथली लोकसंख्या जुन्या आकड्यापर्यंत पोचलेली नाही, तिथला मोकळा माळ बघताना आधी तिथे कोण राहत होतं, हे विचारायला हवं. ते विचारायला आम्हांला आमच्या यजमान ताईंनी शिकवलं.

ताई मूळच्या नाशिकच्या. बरीच वर्षं गॉलवेत राहतात आणि मराठी माणसांचे छोटे गट घेऊन पश्चिम किनारा दाखवतात. बस चालवणारे गृहस्थ मेयो परगण्यातले, साठीच्या पुढचे, वाटेतला प्रत्येक दगड ओळखणारे. गटात पुणे, डोंबिवली, कोल्हापूरची मंडळी होती, एक जोडपं मालवणचं होतं. मी माण तालुक्यातला. डब्लिनच्या विमानतळावरून थेट गॉलवे गाठलं आणि पुढचं सगळं फिरणं तिथूनच केलं. रोज हॉटेल बदलायचं नाही, बॅगा भरायच्या नाहीत. ज्येष्ठांसाठी हा आराखडा फार सोयीचा.

सुरुवात बरेनपासून झाली. क्लेअर परगण्याच्या उत्तरेला मैलोन्‌मैल पसरलेला चुनखडीचा करडा कातळ. सतराव्या शतकात आयर्लंडवर चालून आलेल्या इंग्लंडच्या क्रॉमवेलच्या एका सेनाधिकाऱ्याने या भागाबद्दल लिहून ठेवलं आहे : माणूस बुडवायला इथे पाणी नाही, फाशी द्यायला झाड नाही आणि पुरायला माती नाही. पण खाली वाकून बघितलं की कातळाच्या भेगाभेगांतून रानफुलं उगवलेली दिसतात. आल्प्समध्ये वाढणारं निळं जेन्शन आणि भूमध्य समुद्राकडचे ऑर्किड इथे शेजारी शेजारी फुलतात. मला सगळ्यात आवडली ती इथली गुरं राखायची रीत. इतर डोंगराळ मुलखांत उन्हाळ्यात गुरं वर नेतात आणि थंडीत खाली आणतात. बरेनमध्ये उलट. हिवाळ्यात गुरं कातळावर चढवतात, कारण उन्हाळाभर साठलेली ऊब हा दगड हळूहळू सोडतो, पायाखाली कोरडं राहतं आणि चारा टिकून असतो. गुरांनी हिवाळ्यात वाळलेलं गवत खाल्लं म्हणूनच वसंतात फुलांना ऊन मिळतं. ही फुलं गुराख्यांच्या शेकडो वर्षांच्या शहाणपणावर उभी आहेत, हे ऐकल्यावर त्या कातळाकडे बघण्याची नजरच बदलली. पूलनाब्रोनचं पाच हजार वर्षांहून जुनं दगडी थडगंही याच कातळावर उभं आहे. तेव्हाही इथे शेतकरीच राहत होते.

मोहरचे कडे त्याच वाटेवर. आठ किलोमीटर लांब, सर्वांत उंच जागी 214 मीटर. भव्य आहेत, गर्दीही तशीच आहे. वारा उभं राहू देत नाही. त्यांच्याबद्दल एवढं पुरे.

इनिश मोरला जायला रोसाव्हीलच्या धक्क्यावरून बोट मिळते. अॅरन बेटांमधलं हे सगळ्यात मोठं, रोजची बोलीभाषा आयरिश. इथे मात्र पावलं थांबली. बेट म्हणजे बरेनचाच समुद्रात गेलेला तुकडा, त्यामुळे मुळात माती जवळजवळ नाहीच. लोकांनी कातळावरचे दगड फोडून बाजूला केले, त्यांचे बांध घातले, मग किनाऱ्यावरून वाळू आणि समुद्रशेवाळ पाठीवरच्या टोपल्यांतून वाहून आणून थरावर थर दिले. अशी माती तयार केली आणि त्यात बटाटे लावले. बांधांना चुना नाही की माती नाही, नुसते दगडावर दगड. मधल्या फटींतून वारा आरपार जातो, म्हणून अटलांटिकच्या वादळातही भिंत उभी राहते. तिन्ही बेटांवर मिळून असे सुमारे 2,400 किलोमीटरचे बांध आहेत, असं सांगतात. मालवणच्या काकांनी एका बांधावर हात ठेवला आणि म्हणाले, “आमचे गडगे असेच. पण आमच्याकडे निदान माती होती हो.”

डून एंगसचा प्राचीन किल्ला बेटाच्या समुद्राकडच्या बाजूला, शंभरेक मीटर उंच कड्याच्या अगदी काठावर आहे. चढण आहे, वाट दगडांची आहे. गुडघे दुखत असतील तर घाई करू नये, पण जमत असेल तर चुकवूही नये. वर अर्धवर्तुळाकार तटबंदी आणि उरलेल्या बाजूला थेट समुद्र. कड्याच्या काठाला कठडा नाही, त्यामुळे ताई सगळ्यांना बजावत होत्या, “काठापासून लांब. फोटोसाठीसुद्धा पुढे जायचं नाही.”

संध्याकाळी गॉलवेच्या एका पबमध्ये गाण्याची बैठक ऐकली. बैठकच म्हणतो, कारण मंच नव्हता, निवेदक नव्हता. वादक एका टेबलाभोवती एकमेकांकडे तोंड करून बसलेले : फिडल, बासरी, मांडीवर उभा धरलेला, डफासारखा बोधरान आणि कोपराने भाता दाबून वाजवायचे इलियन पाइप्स. मध्येच सगळं थांबलं. एक वयस्कर बाई डोळे मिटून, साथीशिवाय, आयरिशमध्ये गाऊ लागल्या. या जुन्या ढंगाला शान-नोस म्हणतात. शेजारच्या माणसाने त्यांचा हात हातात घेतला आणि गाणं चालू असेपर्यंत तो हळूहळू फिरवत राहिला. गाणाऱ्याला धीर द्यायची ही तिथली पद्धत. गाणं संपल्यावर त्या बाईंनी ताईंना विचारलं, तुमच्यापैकी कुणी गाईल का? कोल्हापूरच्या काकूंनी आईकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. अख्खा पब चिडीचूप. त्या बाई उठून काकूंच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी काकूंचा हात धरला.

पुढे कॉनेमारा. डावीकडे तळी, उजवीकडे ट्वेल्व्ह बेन्सचे डोंगर आणि मध्ये दलदलीची तपकिरी जमीन. या दलदलीतून विटांसारखे तुकडे कापून, वाळवून, पिढ्यान्‌पिढ्या चुली पेटल्या. अजून काही घरांच्या धुराड्यांतून तो मातकट, गोडसर वास येतो. पर्यावरणासाठी आता त्याच्या विक्रीवर निर्बंध आले आहेत. बॅलिनाहिंचचा वाडा बघताना आपला इतिहास समोर आला. नवानगरचे जामसाहेब, म्हणजे क्रिकेटचे रणजी, यांनी 1920 च्या दशकात तो विकत घेतला होता. उन्हाळ्यात इथे येऊन ते सालमन मासे धरत. त्यांच्या घराण्यातल्या मुली जवळच्याच कायलमोर अॅबीत शिकल्या. पहिल्या महायुद्धात बेल्जियममधून विस्थापित झालेल्या बेनेडिक्टीन जोगिणींनी 1920 मध्ये तिथे मठ थाटला. त्यांची शाळा 2010 पर्यंत चालली.

बसमध्ये आमच्या चालकांना मालवण हे नाव ऐकून फार आनंद झाला. आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचं घराणं मालवण तालुक्यातल्या वराड गावचं. पंतप्रधान असताना 2019 च्या डिसेंबरात ते तिथे जाऊनही आले. मालवणच्या काकूंनी वराडला कसं जायचं ते चालकांना रस्त्यासकट सांगितलं.

लीनॉन गाव सोडलं, किलरीची लांबट खाडी ओलांडली आणि ताईंनी समोरच्या डोंगराकडे बोट दाखवलं. ऊन तिरपं होतं. उतारावर वरपासून खालपर्यंत समांतर रेषा उमटल्या होत्या. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला सांगावं लागत नाही : सरी-वरंबे. गवत वाढलेले, पण जसेच्या तसे. ताई म्हणाल्या, “बटाट्याचे आहेत. दुष्काळानंतर बऱ्याच ठिकाणी पुन्हा कुणी लावलेच नाहीत.”

1845 मध्ये बटाट्यावर करपा आला, पुढच्या वर्षी जवळजवळ सगळं पीक जागच्या जागी सडलं. चांगली जमीन जमीनदारांकडे, गरिबांकडे डोंगराचा उतार आणि एकच पीक. 1852 पर्यंत सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि रोगाने गेली, त्याहून जास्त जहाजांत बसून देश सोडून गेली. त्याच काळात बंदरांतून धान्य, लोणी, गुरं इंग्लंडला जातच होती. 1847 च्या उन्हाळ्यात सरकारी सूपघरांतून रोज तीस लाख माणसं जेवत होती. शरद ऋतूत ती सूपघरं बंद केली. त्याच वर्षी कायदा आला की पाव एकराहून जास्त जमीन असणाऱ्याला मदत मिळणार नाही. पाव एकर म्हणजे दहा गुंठे. पोरांच्या तोंडात घास पडावा म्हणून लोकांनी जमिनी सोडल्या. त्या रेषा मला तेव्हा नीट कळल्या.

माझ्या आजीने 1972 साली दुष्काळी कामावर खडी फोडली होती. तांबडा मिलो आणि सुकडी यांच्या गोष्टी ऐकत आम्ही मोठे झालो. आयर्लंडमध्येही लोकांना खडी फोडायला, रस्ते बांधायला लावलं होतं. त्यांतले काही रस्ते डोंगरात मध्येच संपतात. मजुरी मात्र इतकी तुटपुंजी की काम करता करता माणसं पडली. बाहत्तर सालात आमच्या घरातली सगळी जगली. सरकारने माणसं जगवायचीच असं ठरवलं तर दुष्काळातही ती जगतात, हे मी त्या डोंगराखाली उभं राहून पहिल्यांदा इतकं स्पष्ट समजलो.

पुढे डूलॉखचं काळंभोर तळं. मार्च 1849 मध्ये जवळच्या लुईसबर्ग गावात मदतीसाठी जमलेल्या शेकडो उपाशी माणसांना सांगितलं गेलं की तपासणी करणारे अधिकारी डेल्फीच्या शिकारघरात आहेत, सकाळी तिथे हजर व्हा, नाहीतर मदत बंद. सुमारे वीस किलोमीटर. रात्री, बोचऱ्या थंडीत, लोक चालत गेले. तिथे काहीच मिळालं नाही. परतताना याच तळ्याकाठी माणसं मरून पडली. रस्त्याच्या कडेला साधा दगडी क्रूस आहे. त्याच्यावर महात्मा गांधींचं वचन कोरलं आहे : दुसऱ्या माणसांचा अपमान करून कुणाला स्वतःचा सन्मान झाल्यासारखं कसं वाटू शकतं? भारतापासून इतक्या लांब, ओसाड रस्त्यावर, त्यांनी आपल्या माणसाचे शब्द निवडले. आम्ही सगळे तिथे बराच वेळ थांबलो. आमच्या चालकांनी टोपी काढली. त्यांच्या पणजोबांच्या भावंडांपैकी निम्मी अमेरिकेला गेली, पुढे पत्ता लागला नाही, असं त्यांनी सांगितलं. 1988 पासून दर वर्षी या वाटेवरून लोक चालत जातात, जगात आज जे उपाशी आहेत त्यांच्या नावाने.

तिथून क्रोख पॅट्रिक या 764 मीटरच्या पवित्र डोंगराच्या पायथ्याशी, मरिस्कला गेलो. तिथे दुष्काळाचं राष्ट्रीय स्मारक आहे : ब्राँझचं जहाज, शिडांच्या दोरांऐवजी सांगाडे. शिल्पकार जॉन बीहन, 1997.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी थोडं. आयर्लंड शेंगेन गटात नाही, त्यामुळे युरोपचा व्हिसा चालत नाही. आयर्लंडचा वेगळा काढावा लागतो. मे किंवा सप्टेंबर चांगला, मेमध्ये बरेनची फुलंही मिळतात. छत्री नेऊ नका, वाऱ्यात टिकत नाही. टोपीवाला रेनकोट आणि पकड असलेले बूट न्या. शाकाहारींनी ब्राउन ब्रेड, लोणी, भाज्यांचं सूप आणि कोबी घातलेला कुस्करलेला बटाटा यांवर निर्धास्त राहावं, सगळं चविष्ट असतं. आणि सहल ठरवताना आयोजकांना एक प्रश्न जरूर विचारा : लीनॉनहून वेस्टपोर्टला डूलॉखच्या रस्त्याने नेणार का? बहुतेक बसगाड्या सरळ मुख्य रस्त्याने जातात. आग्रह धरा. वेळ फार जास्त लागत नाही.