आमच्या वाडीपर्यंत फायबर कसं आलं

फायबर म्हणजे इंटरनेटची काचेची केबल, ती आमच्या वाडीत कशी आली त्याची ही गोष्ट. आधी जागा सांगते म्हणजे पुढचं कळेल. संगमेश्वर तालुका, देवरुखपासून साधारण १२ किलोमीटर, ग्रामपंचायत एकच पण वाड्या ११, आणि आमची वाडी सगळ्यात शेवटची, पऱ्याच्या म्हणजे ओढ्याच्या पलीकडे. घरं २३, त्यातली ९ गणपती आणि शिमगा सोडला तर कुलूपबंद. जून २०२१ मध्ये सासरे गेले, सासूबाई एकट्या राहणार कशा म्हणून आम्ही पुण्याचं भाड्याचं घर सोडून इकडे आलो. नवऱ्याने बागेचं काम हातात घेतलं. मी पुण्याच्या चार-पाच छोट्या दुकानदारांची अकाउंट्स आणि जीएसटीची कामं करते, ती इथून करीन असं ठरवलं. लॅपटॉप आहे, नेट कुठेही मिळतंच, एवढाच विचार केला होता.

घरात रेंज नाही म्हणजे नाहीच. पडवीत एक काडी, न्हाणीघराच्या मागे चिंचेखाली कधी दोन. खरी रेंज सड्यावर. कोकणातल्यांना सडा सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते, डोंगराच्या वर कातळाचं सपाट पठार असतं तो सडा, आमच्या घरापासून चालत २० मिनिटं. वाडीतली पोरं लॉकडाऊनमध्ये तिथेच बसून शाळा शिकली, मी आले तेव्हा त्यांनी दगड रचून बसायच्या जागासुद्धा केलेल्या होत्या. मी पण तिथेच जाऊन बसायला लागले. ज्यांचं हे काम आहे त्यांना माहीत असेल, महिन्यात जीएसटीच्या रिटर्नच्या दोन तारखा चुकवून चालत नाही, जीएसटीआर-१ ची ११ आणि ३बी ची २०. उशीर झाला की दिवसाप्रमाणे लेट फी लागते, टॅक्स भरायचा राहिला असेल तर वर १८ टक्के व्याज, आणि ते माझ्या क्लायंटच्या खिशातून जाणार. पावसाळ्यात सड्यावर छत्री, छत्रीत मी, मांडीवर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला लॅपटॉप, आणि पोर्टलवर फॉर्म भरून झाला की ओटीपी येईपर्यंत फोन उंच धरून उभं राहायचं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला त्या आठवड्यात तर २० तारखेचं काम उरकून मी कशीबशी खाली उतरले आणि पुढचे सहा दिवस वीज पण नाही आणि फोन पण नाही.

ऑगस्टमध्ये एका मोठ्या कंपनीच्या साईटवर पिनकोड टाकला. "आपल्या भागात सेवा उपलब्ध आहे." एवढा आनंद झाला की लगेच पैसे भरले. आठ दिवसांनी दोन मुलं बाईकवर आली, पऱ्यापर्यंत येऊन थांबली, तिथूनच फोटो काढला आणि गेली. मेसेज आला, नॉट फिजिबल. पैसे परत मिळायला साडेतीन महिने लागले आणि त्यासाठी अकरा फोन, सगळे सड्यावरून. नंतर समजलं की घोळ पिनकोडचाच आहे. शहरात एक पिनकोड म्हणजे दोन-चार मोहल्ले, इकडे एका पिनकोडात पंधरा-वीस गावं असतात, त्यातल्या बाजारपेठेत वायर आली की सिस्टीममध्ये सगळा पिनकोड हिरवा होतो. म्हणून हे वाचणाऱ्या प्रत्येकाला मनापासून सांगते, साईटवर काहीही दिसलं तरी कुणीतरी घरापर्यंत येऊन बघून जाईपर्यंत एक रुपया भरू नका.

मग अँटेनाचा प्रयोग. सिमवाला राऊटर घेतला, छपरावर पाईप उभा करून त्यावर दिशा धरणारी अँटेना लावली, नवरा वर पाईप फिरवतोय आणि मी खालून आकडे ओरडतेय असा अख्खा रविवार गेला. थोडा फरक पडला, खोटं कशाला बोलू. पहाटे पाच वाजता ४-५ एमबीपीएस मिळायचे. पण सकाळी नऊनंतर तोच टॉवर अख्खी पंचक्रोशी वापरणार, दुपारी मेल उघडायची पंचाईत, आणि वीज गेली की तासा-दोन तासांत टॉवरची बॅटरी संपली की सगळंच बंद. देवरुखात एकाने सिग्नल बूस्टर सुचवला होता, दिसायला सोपा उपाय, पण परवान्याशिवाय असा बूस्टर लावणं आपल्याकडे बेकायदेशीर आहे आणि त्याने आजूबाजूच्यांचं नेटवर्क पण बिघडतं, म्हणून त्या वाटेला गेलो नाही.

जुलै २०२२ मधली एक रात्र मात्र अजून अंगावर येते. सासूबाईंना दीड वाजता धाप लागली, ओठ काळे पडायला लागले. १०८ ला फोन लावायचा तर रेंज नाही. नवरा भर पावसात बॅटरी घेऊन सड्यावर धावत गेला आणि मी त्यांना उठवून बसवून पाठ चोळत एकटी. ॲम्ब्युलन्स आली, त्या वाचल्या, आज ठणठणीत आहेत. पण ती वीस मिनिटं... तोपर्यंत नेट म्हणजे माझं काम असं माझ्या डोक्यात होतं, त्या रात्रीनंतर ते तसं राहिलं नाही.

२०२३ च्या सुरुवातीला मी तक्रारीच्या रस्त्याने गेले. आधी कंपनीच्या तक्रार केंद्राला फोन करून डॉकेट नंबर घ्यायचा, हा नंबर लिहून ठेवा, त्याच्याशिवाय पुढे काही हलत नाही. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपीलेट ॲथॉरिटीकडे अपील, त्याला फी नसते. मी ते पण केलं. शिवाय केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स पोर्टलवर लिहिलं. त्याच जानेवारीत दूरसंचार विभागाने ब्रॉडबँडची व्याख्या बदलली होती, आधी किमान ५१२ केबीपीएस होतं ते २ एमबीपीएस केलं, ते मी तक्रारीत लिहिलं, स्पीड टेस्टचे पंधरा दिवसांचे आकडे तारीखवार जोडले. उत्तर आलं, तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही, तक्रार निकाली. वाईट वाटलं, पण एक झालं, त्यानिमित्ताने एका इंजिनिअरसाहेबांचा फोन आला आणि ते माणसासारखं बोलले. म्हणाले, "मॅडम, फायबर तुमच्या ग्रामपंचायतीपर्यंत आलेलं आहे. तिथून तुमचं घर पावणेदोन किलोमीटर. एका कनेक्शनसाठी एवढी केबल कोणीच ओढणार नाही, आम्ही नाही आणि दुसरं कोणी पण नाही. तुम्ही घरं गोळा करा." दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला खरं कारण सांगितलं. मी दोन वर्षं एकटीच्या घरासाठी अर्ज करत होते.

मग बाजारपेठेतल्या केबलवाल्या दादांना गाठलं. ते आधी टीव्हीची केबल चालवायचे, आता फायबर देतात. त्यांनी सड्यावरून वाडी बघितली आणि सरळ सांगितलं, दहा घरं द्या आणि वाट मोकळी करून द्या, केबल मी आणतो. दर घरी जोडणीचे २००० आणि महिन्याला ५०० अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे ५९०.

दहा घरं ऐकायला कमी वाटतात. राहती घरं १४, त्यातल्या निम्म्या घरांत फक्त म्हातारी माणसं, त्यांना महिन्याला ५९० कशाला पाहिजेत? आणि वाट मोकळी करणं तर त्याहून अवघड, कारण केबल जाणार ती तीन कलमांच्या बागांतून आणि एका पडीक जमिनीतून, आणि त्या पडीक जमिनीच्या सातबाऱ्यावर १४ नावं. निम्मी नावं मुंबईत, दोन घरांचं आपसात बोलणं बंद. महावितरणच्या खांबांवरून न्या असं सगळेच म्हणाले, पण परवानगीशिवाय त्यावर केबल टाकता येत नाही, आणि दादांनी पण ठाम सांगितलं की विजेच्या तारेजवळ माझी पोरं मी चढवणार नाही. ते मला पटलं.

हे सगळं सुटलं ते गणपतीत. १९ सप्टेंबर २०२३ ला गणपती बसले, सगळे चाकरमानी घरी, आणि आमच्याकडे आरतीला सगळी वाडी घरोघर फिरते. मी वही घेऊन फिरले. प्रत्येक घरी आरती झाली, प्रसाद झाला की विषय काढायचा. मुंबईकर मुलांना मी एवढंच विचारलं की तुमच्या आईला रात्री काही झालं तर ती तुम्हाला फोन कुठून करणार. यावर वाद कोणी घातला नाही. सहा घरांचे महिन्याचे पैसे मुंबईहून मुलं भरणार असं ठरलं. ज्या दोन घरांचं बोलणं बंद होतं तिथे माझ्या सासूबाई स्वतः गेल्या, काठी टेकत, मी गेले असते तर मला नवीन सून म्हणून वाटेला लावलं असतं. एका काकांनी सही दिली पण अट घातली, "वायर जाऊ दे, पण माझ्या कलमाची एक फांदी जरी तोडलीत तर मी ती वायर ओढून टाकीन." लिहून दिलं त्यांना तसं. सही न मिळालेला एक हिस्सेदार अहमदाबादला होता, त्याने फोनवर हो म्हटलं आणि कागद पोस्टाने पाठवला. अनंत चतुर्दशीपर्यंत वहीत १२ घरं झाली. पाणंदीच्या कडेने खांब रोवायचे होते, त्यासाठी ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला नोव्हेंबरमध्ये मिळाला.

काम भाताची कापणी झाल्यावर सुरू झालं. दादांनी जुने लोखंडी पाईप आणले, आणि खड्डे वाडीने खणले. जांभ्याच्या कातळात हातभर खड्डा म्हणजे दोन माणसांचा अर्धा दिवस. २६ खांब. केबल जमिनीवरून टाकून चालणार नव्हतं कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये इकडे वणवे लागतात, गवतातून जाणारी केबल एका दुपारी जळून जाते.

मार्च २०२४, शिमग्याला आठ दिवस होते. दादांचा मुलगा स्प्लाइसिंग मशीन घेऊन आला, केसासारखी ती काच, दोन टोकं मशीनमध्ये ठेवली की ठिणगीने जोडतात. पहिल्या बॉक्समधून सगळी घरं लागली, आमचं सोडून. घरात केबल ज्या डब्याला जोडतात, त्या आमच्या डब्यावर लाल दिवा. केबलमधला उजेड मोजायचा मीटर लावला तर उणे २९ डीबीएम. त्याने समजावून सांगितलं की हा डबा उणे २७ पर्यंतच उजेड ओळखतो, आकडा शून्याकडे जेवढा सरकेल तेवढा चांगला. मग त्याने केबलमध्ये लाल लेझर सोडला आणि आम्ही संध्याकाळी अंधार पडल्यावर घराच्या बाजूने केबल बघत गेलो, तर गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कोपऱ्यावर जिथे ती काटकोनात वळवून दगडाखाली दाबली होती तिथे आतून लाल उजेड बाहेर येत होता. काच तुटलेली नव्हती, फक्त वाकली होती. दगड काढून वळण मोठं केलं, आकडा उणे २१. डब्यावरचा दिवा हिरवा झाला. सासूबाईंनी दिव्यासमोर हळदकुंकू ठेवलं.

५० एमबीपीएस मिळतात, खरंच मिळतात. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वायफाय कॉलिंग, फोनच्या सेटिंगमध्ये ते चालू केलं की रेंज नसली तरी घरात बसून साधा फोन लागतो आणि माझ्या फोनवर ओटीपी पण येतात. वाडीतल्या बाराही घरांत मी स्वतः जाऊन ते चालू करून दिलं.

विजेचं वेगळं सांगायला हवं, कारण याचा विचार आम्ही केला नव्हता. राऊटर १२ व्होल्टवर चालतो, त्याला छोटा यूपीएस मिळतो, तीन-चार तास जातात. तो घेतला तरी पहिल्या पावसात वीज गेली की नेट बंदच. मग कळलं की बाजारपेठेत दादांच्या दुकानात जे मशीन आहे त्याला बॅकअप नाही, तिकडे अंधार झाला की आपल्या यूपीएसचा काय उपयोग. बारा घरांनी मिळून प्रत्येकी ७०० काढले, दादांनी तेवढेच घातले, आणि तिथे इन्व्हर्टर बसला. कनेक्शन घेताना हा प्रश्न आधीच विचारा.

वांदरांनी आत्तापर्यंत दोनदा केबल तोडली, एकदा झोके घेऊन आणि एकदा चावून. आता ४० मीटर जादा केबलचं भेंडोळं आमच्या गोठ्यात टांगलेलं असतं, त्यामुळे दादांचा मुलगा आला की दोन तासांत काम होतं. मे महिन्यात केबलला लागणाऱ्या फांद्या आम्ही छाटतो, काकांच्या कलमाची सोडून, तिथे एक खांब जास्त घालून केबल वळवून नेली आहे.

पऱ्याच्या अलीकडच्या वाडीत आता सात घरं तयार आहेत, त्यांना अजून तीन हवीत. तिथली एक ताई दर रविवारी माझी ती वही घेऊन जाते, कोणाला काय विचारलं, कागद कसा लिहिला, सगळं त्यात आहे. गणपतीला तिच्याबरोबर मी पण फिरणार आहे.