तुम्ही विचारलंत म्हणून: ‘त्यात घडतं तरी काय?’

हितोशी आशिनानो यांच्या ‘योकोहामा काइदाशी किकोऊ’ या मंगाचं, म्हणजे जपानी चित्रकथेचं, नाव काढलं की हा प्रश्न येतोच. 1994 ते 2006, चौदा खंड, आणि जपानमधल्या मिउरा द्वीपकल्पावर कॅफे चालवणारी अल्फा नावाची यंत्रमानव मुलगी. गिऱ्हाईक क्वचितच. पहिल्याच प्रकरणात ती योकोहामाला जाते, कॉफीच्या बिया आणायला.

पूर्वी मी या प्रश्नावर ‘अहो, वादळ येतं!’ म्हणायचो. येतंच. कॅफे कोसळतो, अल्फा भटकंतीला निघते, परतून पुन्हा दुकान उभं करते. पण ते उत्तर चुकीचंच होतं. विचारणाऱ्याला हवं तेवढं काढून त्याच्या हातावर ठेवल्यासारखं.

खरं घडतं ते ताकाहिरोच्या बाबतीत. पेट्रोलपंपवाल्या काकांकडचा हा पोरगा सुरुवातीला अल्फाच्या खांद्यालाही लागत नाही. ‘इतकी वर्षं लोटली’ अशी चौकट लेखक टाकत नाही. पोराची उंची वाढते, आवाज बदलतो, आणि एक दिवस तो गाव सोडून जातो. अल्फा आहे तशीच राहते. पहिला खंड आणि शेवटचा एखादा खंड शेजारी उघडा, दोघांना एकत्र उभं असलेलं शोधा आणि फक्त खांदे बघा. मला ते दर वेळी जड जातं. यालाच लोक ‘काही घडत नाही’ म्हणतात, याचा राग येतो.

वाचताना चूक होते ती अशी: फुग्यांतलं वाचायचं आणि पान उलटायचं. असं केलं तर खंड तासाभरात संपतो आणि हाती काही लागत नाही. उजवीकडून वरच्या चौकटीपासून सुरू करा. शब्द नसलेल्या चौकटींत सावल्या, गवत, ढग बघा; दोन चौकटींमध्ये किती वेळ गेला ते तिथेच कळतं. फोन उभा धरला तर दोन पानांवर पसरलेलं चित्र मधोमध तुटतं, म्हणून आडवा धरा, किंवा सरळ छापील प्रत घ्या. 2022 पासून इंग्रजीत अधिकृत आवृत्ती निघू लागली आहे.

‘ही पळवाट आहे,’ असंही म्हणता. या कथेत समुद्र वर चढलाय, वस्त्या बुडाल्यात, बुडालेल्या रस्त्यावरचे दिवे रात्री पाण्याखाली पेटतात. माणसांचं जग आटोपत आलंय, आणि कुणी आक्रोश करत नाही. यात धीर आहे की हार मानणं, हे मलाही नक्की सांगता येत नाही. सातव्या खंडापर्यंत एक वाटतं, चौदाव्याला दुसरंच.