इंजिन बांधायचं की बदलायचं? आधी क्रँक आणि ब्लॉकची मापं घ्या

गॅरेजमध्ये ‘इंजिन गेलं’ हे फार सैलपणे म्हटलं जातं. टायमिंग बेल्ट तुटून व्हॉल्व्ह वाकले तरी इंजिन गेलं, कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचं बिग एंड बेअरिंग जागेवरून फिरून क्रँक (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा मुख्य दांडा) खरवडला तरी इंजिन गेलं, पाणी संपलेलं कळलं नाही आणि गाडी तशीच पळवून हेड (सिलिंडरांवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) वाकलं तरी तेच. तिन्हींचे इलाज वेगळे, खर्चही वेगळे. म्हणून नेमकं काय गेलंय हे कळायच्या आत ‘बांधून घ्या’ (म्हणजे खोलून दुरुस्त करा) किंवा ‘दुसरं टाका’ असं सांगणाऱ्याचं लगेच ऐकू नये. इंजिन न खोलता सांगितलेला बांधणीचा खर्च हा अंदाजच असतो, सांगणारा कितीही प्रामाणिक असो.

माझ्या मते निर्णय दोन टप्प्यांत घ्यावा. पहिला, न खोलता केलेल्या तपासण्यांवरून. दुसरा, खोलल्यावर क्रँक आणि ब्लॉकची (सिलिंडर असलेल्या मुख्य सांगाड्याची) मापं हातात आली की. खोलण्याची आणि मापं घेण्याची मजुरी सुरुवातीलाच वेगळी ठरवून घ्या. मापं वाईट आली तर तिथेच थांबता येतं.

न खोलता बरंच कळतं. ऑइल फिल्टर कापा, आतला कागद उलगडा आणि त्यावरून चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटणारे कण लोखंडाचे, म्हणजे पिस्टनच्या रिंग, व्हॉल्व्ह उघडणारा कॅम, चेन किंवा क्रँकचे. न चिकटणारे चमकदार कण बहुधा बेअरिंगचे नाहीतर पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे. तांबूस झाक दिसली तर बेअरिंगचा वरचा थर झिजून गेलाय. ऑइल प्रेशरसाठी डॅशबोर्डच्या दिव्यावर विसंबू नका, तो प्रेशर जवळजवळ संपल्यावरच लागतो. प्रेशर स्विच काढून तिथे साधा मेकॅनिकल गेज लावा आणि इंजिन पूर्ण गरम करून वाचा. दर १००० आरपीएमला १० पीएसआय हा ढोबळ जुना हिशोब. खरा आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये असतो.

कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते मोजणं) सगळेच करतात, पण नीट थोडेच करतात. इंजिन गरम हवं, सगळे प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, इंधन आणि इग्निशन बंद, बॅटरी भरलेली आणि प्रत्येक सिलिंडरला स्टार्टरचे सारखेच फेरे. पेट्रोल इंजिनात १० ते १४ बार हा नेहमीचा पल्ला. डिझेलमध्ये आकडे याच्या दुपटीच्या घरात किंवा वर जातात. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. एखादा बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त खाली असेल तर तिथे काहीतरी आहे. पेट्रोलमध्ये त्या सिलिंडरात चमचाभर ऑइल ओतून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत), तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड आणि ब्लॉकमधलं गॅस्केट. शेजारशेजारचे दोन्ही सिलिंडर खाली असतील तर त्यांच्या मधलं गॅस्केट फुटलेलं असण्याची शक्यता मोठी. डिझेलमध्ये ऑइलचा हा प्रयोग करू नये. पिस्टन वर आल्यावर तिथे जागाच फार थोडी उरते.

लीक-डाऊन टेस्ट मला याहून आवडते. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून हवा सोडायची आणि कान लावायचा. इनटेकमधून फुस्स आवाज आला तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून आला तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडला तडा.

गाडी पाण्यात बंद पडली असेल तर मात्र यातलं काहीही करण्याआधी स्टार्टर मारणं थांबवा. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे वाकतो तो कनेक्टिंग रॉड. सगळे प्लग काढून (डिझेलमध्ये इंजेक्टर किंवा ग्लो प्लग) क्रँक पान्याने हाताने फिरवा. रॉड वाकला की पिस्टन पूर्ण वर पोहोचत नाही आणि त्या एकाच सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी दाखवतं. अशी गाडी सुरू होते, काही दिवस चालतेही. मग रॉड तुटून ब्लॉकला भोक पाडतो.

दोष हेडपुरता असेल तर बांधणंच योग्य, त्यावर फार डोकं लढवायला नको. बेल्ट तुटलेल्या इंजिनात वाकलेले व्हॉल्व्ह आणि सैल झालेले गाइड (व्हॉल्व्ह ज्यांत सरकतात त्या नळ्या) बदलायचे, पिस्टनच्या माथ्यावर नुसत्या खुणा असतील तर चालतं, चीर असेल तर पिस्टन बदलायचा. तापून वाकलेलं हेड जास्त फसवं असतं. स्ट्रेट एज (सरळ पट्टी) आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्र्या) लावून वाक मोजतात. बऱ्याच इंजिनांत मर्यादा ०.०५ ते ०.१० मिमी इतकीच असते. मशीन शॉप खालचा पृष्ठभाग फेसिंग करून सपाट करून देतं, पण हेड वाकलं तेव्हा वरची कॅमशाफ्टची ओळही वाकली होती, ती तशीच राहते. कॅमच्या कॅपा योग्य टॉर्कला कसून, व्हॉल्व्हचा भार नसताना, कॅम बोटांनी सहज फिरतो का ते पाहायलाच हवं. अडकत असेल तर ते हेड बाजूला ठेवा. शिवाय फार तापलेलं ॲल्युमिनियम मऊ पडतं. बोल्ट कसताना आटे सुटू लागतात, व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह ज्यांवर बसतात त्या कड्या) सैल होतात. फेसिंगआधी प्रेशर टेस्ट करून घ्या, तडे नेमके दोन सीटच्या मधल्या पट्टीत येतात. डिझेलमध्ये पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून त्यानुसार जाडीचं गॅस्केट निवडावं लागतं. जाडी ओळखायला गॅस्केटच्या कडेला खाचा किंवा भोकं असतात.

खरा प्रश्न खालच्या भागाचा. क्रँकचा जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गुळगुळीत गोल भाग) नखाला लागेल इतका खरवडला असेल तर ग्राइंडिंग करून ०.२५ किंवा ०.५० मिमी अंडरसाइझ बेअरिंग टाकतात. त्याआधी दोन गोष्टी विचारा: त्या मापाची बेअरिंग मिळतात का, आणि कंपनी ग्राइंडिंगला परवानगी देते का. काही क्रँकचा कडक थर पातळ असतो, घासला की खालचा मऊ धातू लवकर झिजतो. बिग एंड बेअरिंग फिरलं असेल तर रॉडचं भोकही खराब झालेलं असतं, नुसतं बेअरिंग बदलून भागत नाही. मेन बेअरिंग (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणारं) फिरलं असेल तर ब्लॉकचा बोगदाच बिघडला. तो एका रेषेत बोअर करून देणारा चांगला मशीनिस्ट हाताशी नसेल, तर मी बांधणीचा विचार सोडून देईन.

बोअर तीन उंचींवर आणि प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी मोजतात, क्रँकच्या रेषेत आणि तिला आडवं. म्हणजे सिलिंडरमागे सहा मापं. सर्वाधिक झीज वर, जिथे पहिली रिंग परत फिरते तिथे. ही मापं लिहून न देता ‘बोअर ठीक आहे’ म्हणणाऱ्याला पुन्हा मोजायला लावा. बोअर मर्यादेत असेल तर होनिंग (दगडाने हलकं घासणं) आणि नव्या रिंगा पुरतात. मर्यादेबाहेर असेल तर आधी ओव्हरसाइझ (मोठ्या मापाचे) पिस्टन हातात आणा, ते मोजा आणि मग त्यांच्या मापाने सिलिंडर बोअर करा. झिजलेल्या बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा टाकणं ही पैसे वाया घालवायची खात्रीची रीत: वरच्या काठाला नवी रिंग आपटते आणि गाडी पुन्हा ऑइल खाऊ लागते.

काही ब्लॉकमध्ये स्लीव्हच (सिलिंडरमध्ये बसवलेली वेगळी नळी) नसते. बोअरवर निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा किंवा फवारलेल्या धातूचा पातळ थर असतो. तिथे नेहमीचं बोअरिंग चालत नाही, ओव्हरसाइझ पिस्टनही अनेकदा मिळत नाहीत. अशा इंजिनाचा बोअर खरवडला की बदलणंच सरळ.

बदलायचं ठरलं तर पर्याय तीन. शॉर्ट ब्लॉकमध्ये हेड आपलं वापरायचं, लाँग ब्लॉक हेडसकट येतं, आणि तिसरं दुसऱ्या गाडीतून काढलेलं वापरलेलं इंजिन. शेवटचं सर्वात स्वस्त आणि सर्वात बेभरवशाचं. घेण्याआधी त्याचं कॉम्प्रेशन मोजून घ्या, ऑइलच्या झाकणाखाली चिकट गाळ किंवा साय दिसते का पाहा आणि क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. ब्लॉकवरचा इंजिन कोड शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. एकाच नावाच्या इंजिनात सेन्सर, इंजेक्टर आणि फ्लायव्हीलचे दाते वेगळे असू शकतात, मग ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) ते ओळखत नाही. नोंदणीच्या कागदांवर इंजिन नंबर असतो तिथे विक्रेत्याकडून बिल आणि मालकीचा पुरावा आधी घ्या. इंजिन बाहेर असतानाच टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, मागचं क्रँक ऑइल सील आणि क्लच बदला. हे नंतर करायचं म्हणजे मजुरी दोनदा. हमी असेल तर ती फक्त इंजिनाची की चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीचीही, हे लेखी हवं.

बांधा किंवा बदला, जुन्या इंजिनाला मारणारं कारण गाडीतच बसलेलं असू शकतं. बेअरिंगचा चुरा ऑइल कूलरमध्ये अडकतो आणि धुतला तरी पूर्ण निघत नाही. कूलर नवा टाका. टर्बो फुटला असेल तर इंटरकूलरमध्ये (टर्बोची हवा थंड करणाऱ्या भागात) ऑइल आणि धातूचे तुकडे असतात. डिझेलच्या पिस्टनला भोक पडलं असेल तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर बेंचवर तपासल्याशिवाय परत लावू नका. टायमिंग बेल्ट तेलात चालणारा असेल तर त्याचे तंतू इंजिनाखालच्या ऑइल चेंबरमधल्या जाळीत भरतात.

बांधणीत घात होतो तो छोट्या गोष्टींत. होनिंगनंतर बोअर डिझेल किंवा पेट्रोलने पुसला तर दगडाची धूळ तिथेच राहते. गरम साबणाच्या पाण्याने आणि ब्रशने धुवा, पांढरं फडकं पांढरं राहीपर्यंत, आणि लगेच ऑइल लावा. रिंग बोअरमध्ये सरळ बसवून टोकांमधली फट मोजा. ७५ मिमी बोअरला साधारण ०.३० मिमी. फट कमी पडली तर रिंग तापून टोकं भिडतात, मग रिंग तुटते नाहीतर बोअर ओरबाडते. कोनात (ठरावीक अंश फिरवून) कसायचे हेड बोल्ट ताणले जातात, ते नवेच हवेत. बोल्टच्या भोकात ऑइल किंवा पाणी राहिलं तर टॉर्क खोटा लागतो, कधी ब्लॉकच चिरतो. पहिल्यांदा सुरू करण्याआधी इंधन बंद ठेवून, गेजवर प्रेशर दिसेपर्यंत स्टार्टर थांबत थांबत फिरवा. नंतर उगाच आयडलवर उभं ठेवू नका; रिंग बसायला भार लागतो. हजार किलोमीटरच्या आत ऑइल आणि फिल्टर बदला, आणि तो फिल्टरही कापून पाहा.

पैशाचं गणित त्यामानाने सोपं. ही गाडी चालू स्थितीत कितीला जाईल, त्यातून आज बंद अवस्थेत कितीला जाईल ते वजा करा. उरलेला आकडा ही खर्चाची वरची मर्यादा. त्यात इंजिनाबरोबर कूलर, टर्बो, क्लच, ऑइल, कूलंट सगळं धरा आणि वर अडचणींसाठी पाचवा हिस्सा ठेवा. खालून गंज लागलाय, गिअरबॉक्स आवाज करतोय, तर दोन्ही पर्याय सोडून गाडी आहे तशी विकणं बरं. खोललेली असली तर मापांचा कागद सोबत द्या. क्रँक आणि ब्लॉक चांगले आहेत हे आकड्यांत दिसलं की घेणारा भंगाराच्या भावावर अडून बसत नाही.