निकालपत्रातलं नाव झाकून घेताना

माझं आडनाव तसं दुर्मीळ. त्यामुळे सर्च इंजिनात नुसतं नाव टाकलं, की पहिल्याच पानावर माझं नाव, मग ‘विरुद्ध’ आणि पुढे माजी नवऱ्याचं नाव. पोटगीवरून तो कौटुंबिक न्यायालयाच्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात गेला होता. पुढे सगळं संमतीने मिटलं, पण तो आदेश निकालपत्रं गोळा करणाऱ्या साइटींवर जसाच्या तसा राहिला. दुसऱ्याच परिच्छेदात माझा पगार, तेव्हाच्या कंपनीचं नाव, फ्लॅट नंबरासकट पत्ता आणि मुलाची शाळा नि इयत्ता. मुलगा आता स्वतःचं नाव शोधून बघण्याच्या वयाचा झालाय, म्हणून यात हात घातला.

आधी हे गळतंय कुठून ते समजून घेतलं. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या सरकारी साइटवर पक्षकाराच्या नावाने केस शोधता येते, पण मध्ये कॅप्चा असतो, म्हणून तिथली नोंद सर्च इंजिनात सहसा उगवत नाही. उगवतात त्या प्रती. न्यायालय आदेशाची पीडीएफ वेबसाइटवर टाकतं, खासगी साइटी ती उचलून तिचा मजकूर करतात, आणि दोन्ही पक्षांची नावं पानाचं शीर्षक म्हणून लावतात. यात बेकायदा काही नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार न्यायालयाने मनाई केली नसेल तर निकाल कुणीही छापू शकतो. त्यामुळे ‘माझ्या परवानगीशिवाय छापलंत’ छापाच्या मेलला उत्तर येतं ते एका ओळीचं: न्यायालयाचा आदेश पाठवा. पैसे घेऊन ‘नाव पुसून देतो’ म्हणणारेही भेटले. काय करणार विचारलं तर तेच मेल माझ्या वतीने पाठवणार होते. त्यांना नमस्कार केला.

वकील मॅडमनी कागद पाहिले आणि पहिलंच वाक्य टाकलं, “आदेश काढून टाका असं मागू नका. नाव झाका, एवढंच मागा.”

हा फरक फार मोठा आहे. निकाल सार्वजनिक राहायला हवा हे न्यायालयांचं म्हणणं पक्कं आहे, आणि मलाही ते पटतं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये सांगितलं, पण जुन्या निकालांचं काय करायचं यावर उच्च न्यायालयांची वाट एक नाही. दिल्लीत २०२१ मध्ये अमली पदार्थांच्या खटल्यातून निर्दोष सुटलेल्या एकाला अंतरिम दिलासा मिळाला, निकाल सर्चमध्ये दिसू नये असा. मद्रास उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये अशाच एका निर्दोष सुटलेल्या माणसाच्या बाजूने आदेश दिला, त्याला सर्वोच्च न्यायालयाने जुलैमध्ये स्थगिती दिली. मॅडमचा भर मात्र केरळवर होता. तिथल्या खंडपीठाने डिसेंबर २०२२ मध्ये सरसकट ‘विसरलं जाण्याचा हक्क’, म्हणजे आपली जुनी माहिती इंटरनेटवरून हटवून घेण्याचा हक्क, नाकारला, पण कौटुंबिक आणि वैवाहिक प्रकरणांत पक्षकाराने आग्रह धरला तर त्याची ओळख न्यायालयाच्या वेबसाइटवर टाकू नये असं सांगितलं. आपल्याकडे तो निकाल बंधनकारक नाही, पण दाखवता येतो.

आणि आमच्या हातात त्याहून जुनं हत्यार होतं. हिंदू विवाह कायद्याचं कलम २२ म्हणतं की या कायद्याखालचं कामकाज बंद दाराआड चालेल आणि त्यातलं काही छापायचं नाही. उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल छापायचा तर न्यायालयाची आधी परवानगी हवी. मोडलं तर दंड किती? हजार रुपयांपर्यंत! म्हणजे धाक शून्य, पण अर्जात लिहायला कलम भक्कम.

निकाली निघालेल्या प्रकरणातच अर्ज टाकला. मागण्या मोजक्या: नावांऐवजी इंग्रजी अक्षरं, पत्ता, कंपनी आणि शाळा झाकावी, केस स्टेटसच्या पानावरही तेच करावं, आणि हा आदेश दाखवल्यावर इतर साइटींनी आपापल्या प्रती बदलाव्यात. ही शेवटची मागणी लिहून घ्याच. ती नसेल तर साइटवाले म्हणतात, आदेश न्यायालयाच्या कार्यालयाला आहे, आम्हाला कुठे आहे? माजी नवऱ्याच्या वकिलांनी ‘हरकत नाही’ अशी पुरसिस, म्हणजे लेखी निवेदन, दिली. त्याचंही नाव तिथे होतंच की. सुनावणी काही मिनिटांत आटोपली. वेळ खाल्ला तो पुढच्या टप्प्याने, झाकलेली प्रत वेबसाइटवर चढवून घेण्याने. तिथे पाठपुरावा करावा लागतो, इलाज नाही.

प्रमाणित प्रत हातात आल्यावर मात्र साइटींचा सूर पालटला. तोवर मी नाव उलटसुलट करून, स्पेलिंगं बदलून, अवतरणचिन्हांत घालून प्रत्येक पानाची लिंक एका फाइलीत जमवली होती. मेलमध्ये लिंक, आदेशाची प्रत आणि नेमकं काय बदलायचं ते, बाकी एक शब्द नाही. एका साइटने आठवड्याच्या आत मजकुरातली नावं झाकली. बघते तर वर ब्राउझरच्या पट्टीत, पानाच्या लिंकमध्येच, दोघांची नावं आडनावांसकट तशीच! ‘लिंक आणि शीर्षक’ असे शब्द घालून पुन्हा मेल केला, तेव्हा ते बदललं. तुम्ही हे पहिल्याच मेलमध्ये घाला.

पान बदललं तरी सर्चच्या निकालात जुन्या ओळी काही काळ दिसत राहतात. गूगलवर त्यासाठी कालबाह्य मजकूर ताजा करायला लावणारा वेगळा फॉर्म आहे. त्यात पानावरून गेलेला पण सर्चच्या निकालात अजून दिसणारा शब्द भरायचा असतो. मी शाळेचं नाव भरलं. उत्तरच न देणाऱ्या साइटीसाठी सर्च इंजिनाच्या कायदेशीर तक्रारीच्या फॉर्ममधून आदेश जोडला. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार अशा मध्यस्थांच्या, म्हणजे सर्च इंजिनासारख्या सेवांच्या, तक्रार अधिकाऱ्याने २४ तासांत पोच आणि सात दिवसांत (फेब्रुवारी २०२६ पर्यंत ही मुदत १५ दिवस होती) निकाल द्यायचा असतो, म्हणून तक्रार क्रमांक जपून ठेवा.

त्या साइटीवर प्रत अजून आहे, फक्त नावाने शोधल्यावर ती वर येत नाही. कौटुंबिक न्यायालयातली मूळ नोंदही ई-कोर्ट्सवर आहे. जिल्हा, न्यायालय, वर्ष, नाव आणि कॅप्चा भरून कुणी तिथवर गेलाच तर त्याला तारखा आणि ‘निकाली’ एवढंच दिसेल. त्यासाठी दुसरा अर्ज करायचा का, असं मॅडमनी विचारलं होतं. मी नको म्हटलं.